उंबराखालच्या चपला

जबाब
दि. ०९/०३/२०२६

मी सोमा चांगो निरगुडे, वय ३९ वर्षे, धंदा नोकरी (कंत्राटी पंप ऑपरेटर, जांभूळ जलशुद्धीकरण केंद्र), राहणार बदलापूर गाव, मारुती मंदिरामागे, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे. मूळ राहणार ठाकूरवाडी, बारवी धरणाजवळ.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी स्वप्नाली, वय ३४, मुलगी रुचिका, वय १०, आणि आई ठमीबाई चांगो निरगुडे, वय अंदाजे ७०, यांच्यासह राहत होतो. आईच्या जन्माची नोंद कुठे नाही. आधार कार्डावर जे वय आहे ते कार्ड काढणाऱ्याने तिच्याकडे बघून टाकलेले आहे. वडील चांगो हे बारा वर्षांपूर्वी वारले. त्यानंतर आई वाडीवर एकटीच होती. गेल्या दिवाळीनंतर मी तिला बदलापूरला आणले. ती यायला तयार नव्हती, मीच हट्ट धरला.

माझे वडील मलंगगडावर डोली वाहायचे. डोली म्हणजे लाकडी खुर्चीला दोन्ही अंगांनी दांडे लावलेले असतात, ती. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत अशा म्हाताऱ्या, आजारी माणसांना तीत बसवून चौघे जण खांद्यावर वर नेतात. शेतीचे दिवस सोडले की वडील गडाच्या पायथ्यालाच असत. जत्रेच्या दिवसांत आई आम्हा भावंडांना घेऊन तिथे जायची. वडील डोली घेऊन पुढे, आम्ही मागून पायी. आई स्वतः कधी डोलीत बसली नाही. ज्या खांद्यावर लोक बसतात त्या खांद्यावर घरच्या बाईने बसायचे नसते, असे तिचे म्हणणे होते. वडील तिला चिडवायचे, की तुझे वजन बघता तू चालतेस तेच बरे.

साहेबांनी मुद्द्यावर या असे सांगितल्यावरून पुढे सांगतो की, गडावर आता ट्रॉली झाली आहे. रुळावरून जाड तारेच्या दोराने डबा वर ओढला जातो. पायऱ्यांनी चढायला आईला निम्मा दिवस लागला असता, ट्रॉलीने काही मिनिटांत वर. मला पंपाचे काम माहीत आहे, त्यामुळे दोर, मोटार, ब्रेक यांचे मला फार कौतुक. ट्रॉली सुरू झाल्यापासून माझ्या मनात होते की आईला त्यात बसवायचे. बापाने जन्मभर दुसऱ्यांना वर नेले, आता आईने एकदा तरी बसून जावे, एवढीच माझी इच्छा होती. मी हे चांगल्या मनाने केले. तसे लिहून घ्यावे, अशी विनंती आहे.

काल दि. ०८/०३/२०२६ रोजी रविवार असल्याने मला सुट्टी होती. आम्ही चौघे सकाळी साडेआठच्या सुमारास रिक्षाने निघालो. अंबरनाथला शिवमंदिराजवळ थांबून नाष्टा केला. आईने फक्त चहा घेतला. गडावरच्या मलंगबाबांचे दर्शन होईपर्यंत ती काही खात नसे. वडील होते तेव्हापासूनची तिची ती रीत होती आणि ती मोडायला ती तयार नव्हती. मी तिला म्हणालो, "आये, आता चढायचा नाय, बसायचा हाय. खा की दोन इडल्या." ती म्हणाली, "बसलेल्या माणसाला भूक कशी लागल?" यावर आम्ही सगळे हसलो.

पायथ्याशी पोचल्यावर मी तिकीट काढायला रांगेत उभा राहिलो. ट्रॉलीचे स्टेशन एका अंगाला आहे आणि जुन्या पायऱ्यांची सुरुवात दुसऱ्या अंगाला, जरा लांब. मध्ये दुकाने आहेत. जुन्या पहिल्या पायरीपाशी उंबराचे झाड आहे, त्याखाली डोलीवाले बसतात. आईने मला सांगितले की आधी पायरीला पाया पडून येऊ, चपला उंबराखाली काढू आणि मग पाहिजे तिथे ने. आमच्यात गड चढताना चपला खालीच काढतात, उंबराच्या मुळाशी. मी म्हणालो, "आये, ट्रॉलीत कोण अनवाणी जातं का? लोक हसतील. वर मंदिरापाशी स्टँड हाय, तिथं काढू." नंतर ती रुचिकाला घेऊन बाथरूमला जाऊन येते असे म्हणून गेली आणि आमचा नंबर लागायच्या आत दोघी परत आल्या. मी त्या वेळी तिकिटे मोजून खिशात ठेवत होतो. मी त्यांच्याकडे नीट पाहिले नाही.

ट्रॉलीत आई खिडकीजवळ बसली होती. डबा हलला तेव्हा तिने दांडा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले. मी मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढला. थोडे वर गेल्यावर तिने डोळे उघडले. जुन्या पायऱ्या झाडीतून दिसत होत्या. ती बोट दाखवून म्हणाली, "तो धोंडा बघ. तिकरं तुझा बाप खांदा बदलायचा." मी वळून बघेपर्यंत तो मागे गेला. मी म्हणालो, "आये, कॅमेऱ्यात बघ, हस." ती हसली. तो व्हिडिओ मी वर पोचायच्या आधीच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, आमची म्हातारी विमानात. तो व्हिडिओ मी साहेबांना दाखवला आहे. त्यात आई बोट दाखवताना दिसते. काय दाखवते आहे ते दिसत नाही.

वर उतरल्यावर कठड्यापाशी उभे राहून आम्ही खाली पाहिले. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर सगळे एका ताटात वाढल्यासारखे दिसत होते. मी आईला आमची बिल्डिंग दाखवायचा प्रयत्न केला. तिला ती सापडेना. तिने विचारले, "आपली वाडी कुठं?" मी म्हणालो, डोंगराच्या पलीकडे आहे, इथून दिसत नाही. ती बराच वेळ त्याच बाजूला बघत राहिली. मी तिला चल चल केले. माझा स्वभाव घाईचा आहे. बायको म्हणते की मी देवळातसुद्धा पंप बंद करायचा राहिल्यासारखा उभा असतो.

दर्शनाच्या रांगेआधी चपलांचा स्टँड आहे. मी माझे बूट काढून दिले, टोकन घेतले आणि पुढे रांग धरली. स्वप्नाली मागून तिच्या चपला देऊन आली. आईच्या आणि रुचिकाच्या चपला तिने दिल्या असतील असे मला वाटले. तिला वाटले की मी दिल्या. याबद्दल आम्ही दोघांनी एकमेकांना काही विचारले नाही.

दर्शन झाल्यावर अकराच्या सुमारास मला कामावरून फोन आला. एक पंप वारंवार ट्रिप होऊन बंद पडत होता आणि ड्यूटीवरचा मुलगा नवीन होता. गर्दीत ऐकू येईना म्हणून मी आईला वेणूबाई नावाच्या बाईंच्या लिंबू-सरबताच्या टपरीपुढील बाकावर बसवले. स्वप्नाली आणि रुचिका प्रसाद घ्यायला गेल्या होत्या. मी आईला म्हणालो, "हितंच बस, हलू नको." एवढे बोलून मी बाजूला गेलो. फोन लांबला. मी त्या मुलाला कुठला व्हॉल्व्ह आधी बंद करायचा ते तीन-तीनदा सांगत होतो. परत आलो तेव्हा बाक रिकामा होता.

आईला आम्ही मोबाईल घेऊन दिला होता. मी फोन लावला तर तो स्वप्नालीच्या पर्समध्ये वाजला. गर्दीत हरवेल म्हणून मीच तो सकाळी तिथे ठेवायला सांगितले होते.

आई बाकावरून का उठली, हे मला त्या वेळी माहीत नव्हते. वेणूबाईंना विचारले असता त्यांनी सांगितले की म्हातारी नळावर तोंड धुवायला गेली होती. परत येताना गर्दीत चुकून पलीकडच्या टपरीपाशी गेली. तिथे आम्ही दिसलो नाही, तेव्हा ती ट्रॉलीच्या गेटवर गेली, असे गेटवरच्या माणसाकडून कळले. गेटवरच्या माणसाने तिकीट मागितले. तिने सांगितले, तिकीट मुलाकडे आहे. त्याने सांगितले की मग मुलाला घेऊन या. तो माणूस त्याच्या जागी बरोबर होता, माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. परतीची चारही तिकिटे माझ्या वरच्या खिशात होती.

मी असा विचार केला की तिकिटे माझ्याकडे आहेत, म्हणजे ती खाली गेलेली असणे शक्य नाही, ती वरच आहे. एवढ्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांनी उतरवणार नाहीत, असेही मला वाटले. म्हणून आम्ही फक्त वर शोध घेतला. लाऊडस्पीकरवर तिचे नाव पुकारायला लावले. तो आवाज पायथ्यापर्यंत जात नाही.

इथे एक गोष्ट सांगणे जरूर आहे. आम्ही लहान असताना जत्रेत गर्दी फार असायची. आईने आम्हाला शिकवून ठेवले होते की कोणी चुकला तर रडायचे नाही, शोधत फिरायचे नाही, जिथे चपला काढल्या तिथे जाऊन बसायचे. ती म्हणायची, "चपला सोडून कुणी घरी जात नाय." मी सहा-सात वर्षांचा असताना एकदा चुकलो होतो. मी तसेच केले. उंबराखाली चपलांपाशी जाऊन बसलो आणि थोड्या वेळाने ती येऊन मला भेटली. ती मला रागावली नाही. शाबास म्हणाली आणि वडिलांना सांगितले की हा पोऱ्या कुठे हरवायचा नाही.

ही गोष्ट मला काल वर असताना आठवली. आठवली म्हणूनच मी पुन्हा पुन्हा मंदिरापाशी चपलांच्या स्टँडवर जात होतो. स्टँडवरच्या माणसाला सांगून ठेवले की अशी अशी म्हातारी आली तर थांबवून ठेवा. मला खात्री होती की आई तिथेच येणार.

दुपारी रुचिका मला म्हणाली, "पप्पा, आजी चपलांपाशी असेल." मी म्हणालो, "अगं, तिथूनच तर आलो आत्ता." ती म्हणाली, "तिथल्या नाही पप्पा, त्या..." मी तिला पुढे बोलू दिले नाही. गप्प बस, डोके फिरवू नको, असे ओरडलो. स्वप्नाली म्हणाली, "अहो, तिच्यावर कशाला ओरडता?" मी तिच्यावरही ओरडलो. त्यानंतर रुचिका बोलली नाही. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता, तीही हरवेल या भीतीने. त्या उन्हात सगळा दिवस मी तिला दगडांवरून, फरशीवरून ओढत फिरवले. ती मध्येच एका पायावर उभी राहायची. मला वाटले दमली आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसे झाले. मी एकदा जरी खाली तिच्या पायांकडे बघितले असते तरी मला सर्व समजले असते.

संध्याकाळी वरच्या बंदोबस्तावरील पोलिसांनी सांगितले की खाली जाऊन हरवल्याची तक्रार द्या. आम्ही ट्रॉलीने खाली आलो. आईचे तिकीट माझ्याकडे शिल्लक राहिले.

खाली उतरल्यावर मी रिक्षाकडे वळलो. रुचिका माझा हात सोडवून उलट दिशेला, जुन्या पायऱ्यांकडे पळत सुटली. खडीवरून पळताना ती लंगडत होती. तेव्हा मला दिसले की तिच्या पायात काही नाही. मी ओरडलो, "चप्पल कुठंय तुझी?" ती पळता पळता म्हणाली, "तिकडेच आहे ना!"

उंबराखाली आई झाडाला टेकून बसली होती. पाय लांब केलेले, डोक्यावर पदर, खांद्यांवर कुणाचा तरी टॉवेल. तिच्या मांडीवर चपलांचे दोन जोड होते, तिचा आणि रुचिकाचा. पदराच्या टोकाने तिने ते एकत्र बांधले होते. मला वाटले झोप लागली आहे. मी लांबूनच म्हणालो, "आये, हितं हायस होय? दिवसभर फिरवलंस ना आम्हाला!" मी रागाने बोललो. हे तिला बोललेले माझे शेवटचे वाक्य आहे. ती ऐकत नव्हती असे डॉक्टरांचे म्हणणे आहे.

तिथे चंदूकाका म्हणून एक जुने डोलीवाले आहेत. ते माझ्या वडिलांबरोबर डोली वाहायचे. त्यांनी आम्हाला सांगितले ते असे की, म्हातारी दुपारी पायऱ्या उतरून आली, हळूहळू, प्रत्येक पायरीवर बसत. त्यांनी तिला ओळखली, चांग्याची बायको म्हणून. पाय पोळले होते. पाणी दिले, चहा दिला. पाणी प्याली, चहा घेतला नाही. चंदूकाकांनी तिला विचारले की मुलाचा नंबर दे, फोन लावतो. तिला नंबर पाठ नव्हता. ते म्हणाले, वहिनी, चल, डोलीत घालून वर नेतो, पोराला शोधू. त्यावर ती हसली आणि म्हणाली, "चांग्याच्या खांद्यावर नाय बसली, तुझ्या बसू होय?" मग त्यांनी तिला विचारले की निदान घरी तरी पोचवू का. ती म्हणाली, "नको. पोऱ्या येल हितं. त्याला ठावा हाय, मीच शिकवलाय."

त्यानंतर चंदूकाका एक डोली घेऊन वर गेले. वाटेत त्यांना आमची माहिती मिळणे शक्य होते, पण ते पायऱ्यांनी गेले आणि आम्ही ट्रॉलीच्या बाजूला होतो, लाऊडस्पीकरवरचे पुकारणेही तोवर थांबले होते. ते परत आले तेव्हा आई डोळे मिटून बसलेली होती. झोपली असेल, उठवू नये, म्हणून त्यांनी तिच्या अंगावर स्वतःचा टॉवेल टाकला. त्यांनी जे केले ते आम्ही करायला पाहिजे होते.

रिक्षाने आईला उल्हासनगर येथील सरकारी दवाखान्यात नेले. तिथे डॉक्टरांनी तपासून दाखल करण्यापूर्वीच मयत असल्याचे सांगितले. उन्हाने आणि उपासाने हृदयावर ताण आला असावा, असे त्यांचे प्राथमिक मत आहे. सकाळच्या एका कपभर चहाशिवाय तिच्या पोटात काही नव्हते. आम्ही घेतलेला प्रसाद दिवसभर स्वप्नालीच्या पिशवीत तसाच होता.

रुचिकाला विश्वासात घेऊन विचारले असता तिने सांगितले की, सकाळी बाथरूमला जातो असे सांगून आजी तिला उंबराकडे घेऊन गेली होती. दोघींनी चपला झाडाच्या मुळाशी ठेवल्या आणि पहिल्या पायरीला पाया पडून आल्या. आजी म्हणाली होती, "पप्पाला सांगू नको, वरडेल." रुचिकाने शब्द दिला होता. दुपारी तो मोडून ती मला सांगत होती, पण मी ओरडलो. मुलगी लहान आहे. तिची यात काही चूक नाही. तिला पुन्हा पुन्हा कोणी विचारू नये, अशी विनंती आहे.

मला विचारल्यावरून सांगतो की, आईच्या मरणाबाबत माझा कोणावरही संशय नाही. घरात भांडण नव्हते. ट्रॉलीत बिघाड नव्हता, ती वेळेत वर गेली आणि वेळेत खाली आली. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. एवढे सांगून माझे समाधान होत नाही, पण जबाबात याहून जास्त लिहिता येत नाही, असे साहेबांनी समजावून सांगितले. तरी एक सांगतो. तिने भरवसा ठेवला तो बरोबरच होता, मला ठाऊक होते. चुकलेल्याने कुठे जायचे हे मला पाठ होते. ती जिथे शिकवून गेली तिथेच बसली होती आणि मी दुसऱ्याच चपलांची राखण करत होतो.

पंचनाम्यात जप्त केलेल्या वस्तूंपैकी आईच्या कानातल्या वाळ्या आणि गळ्यातील पोत मला मिळाली. चपलांचे दोन्ही जोड अजून पोलीस ठाण्यात आहेत. कागदपत्रे पुरी झाल्याशिवाय ते देता येत नाहीत, हे मला मान्य आहे. तथापि, रुचिकाचा जोड तिला आजच द्यावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. काल सकाळपासून ती अनवाणी आहे. पायाला फोड आहेत. नवीन चप्पल आणून दिली, ती घालत नाही. आज सकाळी ती माझ्याबरोबर आली ती ठाण्याच्या बाहेर पायरीवर बसून आहे. तिच्या आईने दोनदा चल म्हटले. ती म्हणते, चपला सोडून कुणी घरी जात नाही.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी संगणकावर घेतला आणि सावकाश वाचून दाखवला. गावांची नावे, वेळ, माणसांची नावे मी तपासली. जसे मी सांगितले तसेच लिहिले आहे आणि ते सर्व खरे आहे.

समक्ष

सोमा चांगो निरगुडे
(सही)